रहस्यपटाचे पोस्टर कसे वाचावे?

(अभ्यासलेख : इयत्ता आठवी ते दहावी, मराठी व चित्रकला या विषयांसाठी एकत्रित)



धडा, कविता, पत्र, बातमी आणि जाहिरात कशी वाचायची हे आपण वर्गात शिकतो. आज आम्ही तुमच्यापुढे एक असा मजकूर ठेवणार आहोत, ज्यात शब्द चार-पाचच असतात आणि तरीही तो पानभर सांगून जातो. हा मजकूर म्हणजे सिनेमाचे पोस्टर. त्यातही आपण रहस्यपटांची आणि थरारपटांची पोस्टरे घेणार आहोत. कारण या प्रकारात पोस्टर करणाऱ्याची खरी परीक्षा असते. त्याला प्रेक्षकाची उत्सुकता वाढवायची असते, पण गुपित मात्र फोडायचे नसते.

तुमच्या आजी-आजोबांना विचारा. राजवाड्यावरून रीगल चौकाकडे जाताना भिंतीवर कोणते पोस्टर लागले आहे, यावरून रविवारचा बेत ठरत असे. आता तेच पोस्टर मोबाइलच्या पडद्यावर अंगठ्याच्या नखाएवढे दिसते. आकार बदलला, पण काम तेच राहिले. समोरून जाणाऱ्या माणसाला दोन-तीन क्षणांत थांबवायचे आणि हा कोणत्या प्रकारचा सिनेमा आहे, यात कोण आहे आणि याच्यावर काय बेतले आहे, ही तीन उत्तरे द्यायची.

या लेखाच्या शेवटी आम्ही वर्गात केलेल्या एका प्रयोगाची हकिकत दिली आहे. तो प्रयोग तुमच्यासाठी होता, पण त्यातून आम्हीच अधिक शिकलो. ती हकिकत समजण्यासाठी आधीचे मुद्दे क्रमाने वाचावेत.

१. थोडी पार्श्वभूमी

सिनेमाच्या पोस्टरशी आपल्या मराठी माणसांचे जुने नाते आहे. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर (१८९०-१९५४) हे मुळात चित्रकार. त्यांनी स्वतः कॅमेरा तयार केला, चित्रपट काढले आणि त्यांची पोस्टरेही रंगवली. १९२४ सालच्या 'कल्याण खजिना' या मूकपटाचे त्यांचे पोस्टर भारतातील सर्वांत जुन्या उपलब्ध पोस्टरांपैकी एक मानले जाते.

आपल्या इंदूरचाही धागा आहे. मकबूल फिदा हुसेन यांचा जन्म १९१५ साली पंढरपूरचा, पण त्यांचे बालपण इंदूरमध्ये गेले. पुढे मुंबईला गेल्यावर पोट भरण्यासाठी त्यांनी सिनेमाचे मोठमोठे फलक रंगवले. फलक लांबून दिसायचा असतो, त्यामुळे बारीक कुसर उपयोगाची नसते. ठळक रेषा आणि मोठे रंगपट्टे लागतात. पोस्टर वाचतानाही हेच ध्यानात ठेवावे. त्यातली प्रत्येक गोष्ट लांबून आणि घाईत बघणाऱ्यासाठी केलेली असते. जे ठळक असेल ते मुद्दाम ठळक केलेले असते.

२. रहस्य, थरार आणि भय

आपण बोलताना या तिन्ही शब्दांची गल्लत करतो. पोस्टर करणाऱ्याला ती परवडत नाही.

रहस्यपटात घटना घडून गेलेली असते आणि ती कोणी केली, हा प्रश्न असतो. म्हणजे आपल्याला पात्रांइतकेच किंवा त्यांच्याहूनही कमी माहीत असते. थरारपटात धोका पुढे असतो. पुष्कळदा तो आपल्याला दिसतो, पण पात्राला दिसत नाही. भयपटात धोका समोरच उभा असतो आणि त्याचे रूपच घाबरवणारे असते.

दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉक हा फरक एका उदाहरणाने समजावून देत असे. दोन माणसे टेबलाशी बसून साध्या गप्पा मारत आहेत आणि एकाएकी टेबलाखालचा बॉम्ब फुटतो. प्रेक्षक क्षणभर दचकतात, इतकेच. पण बॉम्ब खाली आहे हे प्रेक्षकांना आधीच दाखवले आणि तो केव्हा फुटणार हेही सांगितले, तर त्याच साध्या गप्पा ऐकताना जीव टांगणीला लागतो. बदल एवढाच झाला, की आपल्याला जास्त कळले.

आता १९७५ सालच्या 'जॉज' या चित्रपटाचे पोस्टर आठवा. स्टीव्हन स्पिलबर्गचा हा चित्रपट माणसे मारणाऱ्या शार्क माशाचा. पोस्टरवरचे चित्र रॉजर कास्टेल या चित्रकाराने आधी त्याच नावाच्या कादंबरीच्या स्वस्त आवृत्तीच्या मुखपृष्ठासाठी काढले होते. वर पाण्याच्या पृष्ठभागावर एक बाई शांतपणे पोहते आहे. खालून प्रचंड शार्क जबडा उघडून सरळ वर येतो आहे. बाईला तो दिसत नाही, आपल्याला दिसतो. टेबलाखालचा बॉम्ब तो हाच. पाण्याच्या रेषेने चित्राचे दोन भाग केले आहेत. वरच्या भागात अजाण माणूस आणि खालच्या भागात धोका. एक अक्षर न वाचता आपल्याला प्रकार कळतो : थरारपट.

गंमत पुढेच आहे. चित्रपटात तासाभराहून अधिक वेळ हा मासा नीट दिसतच नाही. पाण्यावरची हालचाल आणि संगीत यांवरच भीती उभी केली आहे. जे चित्रपट लपवतो ते पोस्टर पहिल्याच दृष्टिक्षेपात दाखवते. म्हणूनच प्रेक्षक सिनेमागृहात बसतो तेव्हा पडद्यावरच्या निळ्याशार पाण्याकडे बघूनही अस्वस्थ असतो. खाली काय आहे हे त्याने बाहेर भिंतीवर पाहिलेले असते. अर्थात चांगले पोस्टर जाहिरात तर करतेच, शिवाय चित्रपट कसा पाहायचा याची तयारीही करून घेते.

३. रंग काय सांगतात?

वर्गात आम्ही विचारले, "गुन्ह्याचा रंग कोणता?" बहुतेकांनी लाल आणि काळा असे उत्तर दिले. कारण विचारल्यावर रक्त आणि अंधार ही उत्तरे आली. उत्तर चुकीचे नाही, पण अपुरे आहे.

इटलीमध्ये हाच प्रश्न विचारला, तर कदाचित 'पिवळा' असे उत्तर येईल. तेथील मोंदादोरी या प्रकाशन संस्थेने १९२९ पासून गुन्हेकथांची एक माला काढली. तिची मुखपृष्ठे पिवळी होती. इटालियन भाषेत पिवळ्याला 'जाल्लो' म्हणतात. पुढे गुन्हेकथेलाच तिथे 'जाल्लो' म्हणू लागले आणि नंतर त्या धर्तीच्या इटालियन चित्रपटांनाही जगभर तेच नाव पडले. फ्रान्समध्ये गालिमार या प्रकाशनाने १९४५ मध्ये काळ्या मुखपृष्ठांची गुन्हेकथांची माला सुरू केली. तिचे नावच 'काळी माला' अशा अर्थाचे होते. अमेरिकेतील त्या काळच्या अंधाऱ्या गुन्हेपटांना फ्रेंच समीक्षकांनी १९४६ पासून 'फिल्म न्वार', म्हणजे काळा चित्रपट, असे म्हणायला सुरुवात केली.

यातून एक महत्त्वाची गोष्ट निघते. आपल्याकडे पिवळा म्हणजे हळद, भंडारा, मंगल कार्य. इटलीच्या वाचकाला तोच रंग खून सुचवतो. तेव्हा रंगाचा अर्थ रंगात नसतो, सवयीत असतो. तो आपल्याला कोणीतरी, पुन्हापुन्हा दाखवून, शिकवलेला असतो. हे वाक्य अधोरेखित करून ठेवा. प्रयोगाच्या वेळी ते लागणार आहे.

४. नाव आणि अक्षरे

रहस्यपटाच्या नावातच पुष्कळदा प्रश्न असतो. राज खोसला यांचा १९६४ सालचा हिंदी चित्रपट 'वह कौन थी' याचे नाव पाहा. हे नाव म्हणजे एक प्रश्नार्थक वाक्य आहे. 'थी' हा भूतकाळ आहे, म्हणजे ती आता नाही किंवा निघून गेली. 'वह' हे सर्वनाम आहे, म्हणजे तिचे नाव ठाऊक नाही. व्याकरणाच्या तासाला आपण सर्वनाम शिकतो. इथे एका सर्वनामावर अख्खा चित्रपट उभा आहे.

त्याच वर्षी राजा परांजपे यांचा मराठी 'पाठलाग' आला. जयंत देवकुळे यांच्या 'आशा परत येते' या कादंबरीवर तो आधारलेला होता. कादंबरीचे नाव आणि चित्रपटाचे नाव शेजारी ठेवून पाहा. पहिल्या नावात परत येण्याची ओढ आहे, दुसऱ्यात धाव आणि धास्ती आहे. पोस्टरवर रंगवायला दुसरे नाव अधिक सोयीचे, कारण 'पाठलाग' या एकाच शब्दात दोन माणसे आहेत, एक पुढे आणि एक मागे. याच कथेवर राज खोसला यांनी १९६६ मध्ये हिंदीत 'मेरा साया' काढला. 'साया' म्हणजे सावली. तीही मागे लागलेलीच असते, पण तिला चेहरा नसतो.

नावाइतकेच अक्षरांचे वळणही बोलते. सरळ, सुबक अक्षरे स्थिरता सुचवतात. तडा गेलेली, तिरपी किंवा ओघळणारी अक्षरे काहीतरी बिघडल्याचे सांगतात. जुन्या हिंदी पोस्टरांवर नाव बहुधा इंग्रजी, नागरी आणि उर्दू अशा तीन लिप्यांत असे. ज्याला एकही लिपी वाचता येत नसे, त्यालाही अक्षरांच्या वळणावरून सिनेमाचा बाज कळत असे.

५. पात्र कसे दाखवतात?

आता मुख्य मुद्दा. पोस्टरवर पात्र उभे करण्याचा सोपा मार्ग म्हणजे चेहरा. पण रहस्यपटांची उत्तम पोस्टरे पाहिली, तर त्यांतल्या पुष्कळांनी चेहरा टाळलेला दिसतो. तीन उदाहरणे घेऊ.

(अ) 'एम', १९३१. फ्रिट्झ लांग या दिग्दर्शकाचा हा जर्मन चित्रपट. एका शहरात लहान मुले नाहीशी होत आहेत आणि सारे शहर संशयाने पछाडले आहे. याच्या प्रसिद्ध पोस्टरवर फक्त उघडा पंजा आहे आणि तळव्यावर 'एम' हे अक्षर. जर्मन भाषेत खुन्याला जो शब्द आहे त्याचे हे पहिले अक्षर. चित्रपटात एक तरुण आपल्या तळव्यावर खडूने हे अक्षर काढतो आणि धडकल्याचे निमित्त करून संशयिताच्या कोटावर त्याचा ठसा उमटवतो. म्हणजे पोस्टरवरचा हात खुन्याचा नाही, ओळखणाऱ्याचा आहे! पण पाहणाऱ्याला पहिल्यांदा तो खुन्याचाच वाटतो. आणखी एक गोष्ट. चित्रपटातील खुनी पीटर लॉरे या नटाने केला आहे. तो गोल चेहऱ्याचा, मऊ बोलणारा, चारचौघांसारखा माणूस आहे. त्याला प्रथम ओळखतो तो एक आंधळा फुगेवाला, आणि तेही त्याच्या शिट्टीवरून. डोळस शहराला जो दिसला नाही तो आंधळ्याला कळला.

(आ) 'व्हर्टिगो', १९५८. हिचकॉकच्या या चित्रपटाचे पोस्टर सॉल बास या अमेरिकन संकल्पनकाराने केले. नारिंगी-लाल पार्श्वभूमीवर पांढऱ्या रेषांचे एक भोवऱ्यासारखे चक्र. त्यात एका पुरुषाची काळी छायाकृती पडते आहे आणि तिच्याबरोबर एका स्त्रीची केवळ बाह्यरेषा. चित्रपटाचा नायक उंचीला घाबरणारा माजी पोलीस अधिकारी आहे आणि एका स्त्रीच्या शोधात तो गुरफटत जातो. पुरुष भरीव आणि स्त्री पोकळ का, याचा विचार करा. तो खरा आहे, ती मात्र त्याला जशी दिसते तशीच आहे. तिच्या आत काय आहे हे त्याला ठाऊक नाही. दोन्ही पात्रांचा स्वभाव चेहऱ्याशिवाय सांगितला गेला.

(इ) 'अॅनाटमी ऑफ अ मर्डर', १९५९. हेही सॉल बासचेच काम. कागदातून कापल्यासारखी एक मानवाकृती, तिचे हात, पाय, धड वेगळे केलेले. चित्रपट न्यायालयातील खटल्याचा आहे. वकील एकेक साक्ष सुटी करून तपासतात, तशी ही आकृती सुटी केली आहे. रक्ताचा थेंब नाही, तरी मृत्यूही कळतो आणि चिकित्साही कळते.

या तिन्हींत पात्राची ओळख त्याच्या कृतीवरून किंवा त्याच्या अवस्थेवरून होते, रूपावरून होत नाही.

६. पोस्टर जेव्हा चकवते

१९६० साली हिचकॉकचा 'सायको' आला. जॅनेट ली ही त्यातली सर्वांत नावाजलेली नटी, आणि पोस्टरवर तिला ठळक जागा होती. प्रेक्षकांनी साहजिकच धरून चालले, की ही नायिका आणि हिचीच ही गोष्ट. प्रत्यक्षात चित्रपट निम्म्यावर येण्याच्या सुमारास तिचा खून होतो आणि प्रेक्षकाच्या पायाखालची जमीन सरकते.

हा चकवा टिकावा म्हणून हिचकॉकने एक नियम केला. चित्रपट सुरू झाल्यावर कोणालाही आत सोडायचे नाही. सिनेमागृहाबाहेर त्याचे स्वतःचे चित्र लावलेले असे, हातातल्या घड्याळाकडे बोट दाखवणारे. उशिरा आलेला प्रेक्षक जॅनेट लीची वाट बघत बसला असता आणि ती पडद्यावर आलीच नसती!

हा चकवा न्याय्य आहे का, यावर वर्गात चांगला वाद झाला. एका विद्यार्थिनीने म्हटले, "पोस्टर खोटे बोलले नाही, आपणच अंदाज केला." हे बरोबर आहे. मोठा चेहरा म्हणजे मुख्य पात्र, ही आपली सवय आहे. पोस्टरने त्या सवयीचा उपयोग करून घेतला. आता प्रश्न असा, की आपल्या आणखी कोणत्या सवयींचा पोस्टरे उपयोग करून घेतात? यासाठीच आम्ही पुढील प्रयोग केला.

७. चार चेहरे : वर्गातील एक प्रयोग

नववीच्या वर्गासाठी आम्ही एक काल्पनिक चित्रपट घेतला. नाव 'शेवटचा डबा'. रात्रीच्या पॅसेंजर गाडीत एका व्यापाऱ्याचा खून होतो आणि डब्यात चार प्रवासी असतात, एवढीच कथा. चित्रकलेच्या बाईंनी चार प्रवाशांचे चेहरे काढून फळ्यावर लावले. पहिला साधा. दुसऱ्याला चष्मा. तिसऱ्याचे केस चापूनचोपून बसवलेले, गळ्यात टाय. चौथ्याचा रंग सावळ्याहून गडद, गालावर भाजल्याचा वण आणि प्रकाश हनुवटीखालून आलेला. प्रत्येकाने चिठ्ठीवर खुन्याचा क्रमांक आणि कारण लिहायचे होते.

जवळजवळ सगळ्या वर्गाने चार क्रमांक लिहिला. कारणे अशी होती : "चेहऱ्यावरूनच वाटतो." "गालावर वण आहे, म्हणजे मारामाऱ्या करत असणार." "काळा आहे." "नजर वाईट आहे."

मग बाईंनी चारही कागद काढून खिडकीच्या काचेवर एकमेकांवर धरले. डोळे, नाक, ओठ आणि भुवयांच्या रेषा तंतोतंत जुळल्या. बाईंनी एकच चेहरा ट्रेसिंग पेपरवर चार वेळा उतरवला होता. चौथ्याची नजर पहिल्याच्या नजरेहून केसभरही वेगळी नव्हती. ती 'वाईट' झाली होती ती रंगामुळे, वणामुळे आणि खालून आलेल्या प्रकाशामुळे.

वर्ग हसला. आम्हीही हसलो. आम्हाला वाटले, धडा छान झाला.

तास संपल्यावर एक विद्यार्थी वही घेऊन मागे थांबला. लहानपणी उकळते दूध अंगावर सांडल्याने त्याच्या गालावर मानेपर्यंत वण आहे. तो म्हणाला, "सर, मी पण चार नंबरच लिहिला." एवढेच बोलून तो गेला.

खरे सांगायचे तर आम्हाला त्या वेळी काही उत्तर सुचले नाही. चित्र काढताना, फळ्यावर लावताना आणि हसताना तो वर्गात बसला आहे हे आमच्या मनातही आले नव्हते. दुसऱ्या दिवशी आम्ही त्याच्याकडे आणि त्याच्या आईकडे दिलगिरी व्यक्त केली. त्याने सांगितले, की प्रयोग बंद करू नका, पुढे न्या. त्याच्याच परवानगीने आम्ही हे लिहीत आहोत.

त्याने जे दाखवून दिले ते असे. रंगाचा अर्थ सवयीने ठरतो हे आपण तिसऱ्या मुद्द्यात पाहिले. पिवळ्या मुखपृष्ठाची सवय कोणाला दुखवत नाही. पण काळी कातडी, वण, तिरळा डोळा, लंगडा पाय म्हणजे दुष्टपणा, ही सवय आपण सिनेमे, चित्रकथा आणि गोष्टींच्या पुस्तकांतून वर्षानुवर्षे उचलली आहे. पोस्टर करणाऱ्याला घाई असते, म्हणून तो ही तयार खूण वापरतो. आपल्यालाही घाई असते, म्हणून आपल्याला ती पटते. ती इतकी मुरते, की ज्याच्या गालावर वण आहे तोही वणाकडे बोट दाखवतो. सिनेमागृहातून बाहेर पडताना ही सवय तिकिटासारखी फेकून देता येत नाही. बसमध्ये कोणाशेजारी बसायचे, वर्गातली पेन्सिल हरवली तर पहिला संशय कोणावर घ्यायचा, नवीन भाडेकरूकडे कसे बघायचे, या सगळ्यांत ती आपल्याबरोबर येते.

८. पुन्हा 'शेवटचा डबा'

पुढच्या आठवड्यात आम्ही तेच काम पुन्हा दिले, मात्र एक अट घातली. पोस्टर पाहून हा थरारपट आहे हे कळले पाहिजे, एक पात्र कळले पाहिजे, पण कोणाच्या शरीराला खुणेसारखे वापरायचे नाही. गटांनी आणलेली काही पोस्टरे अशी :

• रेल्वेच्या बाकावर जेवणाचा डबा. तीन कप्पे उघडलेले, चौथ्याला हातही लावलेला नाही. खाली 'शेवटचा डबा'. (नावातला श्लेष या गटाने बरोबर पकडला.)

• पूर्ण काळा कागद. त्यात आगगाडीच्या खिडक्यांचे सात पिवळे चौकोन. शेवटच्या चौकोनाचा पडदा ओढलेला.

• खालच्या बर्थखाली चार माणसांच्या चपला नीट लावलेल्या. माणसे मात्र खिडकीच्या काचेत पाचच दिसतात. "मेलेला धरून पाच, मग चपला चार जोड कशा?" असा प्रश्न वर्गानेच विचारला. गटाचे उत्तर : "एकाने पायातल्या काढल्याच नाहीत. त्याला मध्येच उतरायचे होते."

• तिकीट तपासनिसाच्या हातातले चिमटा मारलेले तिकीट. गावाचे नाव अंगठ्याखाली झाकलेले.

तिसऱ्या पोस्टरकडे पुन्हा पाहा. चपला न काढणारा माणूस कसा आहे, हे आपल्याला कळले. तो सावध आहे, घाईत आहे आणि त्याने आधीच काही ठरवले आहे. त्याचा रंग, नाक, डोळे आपल्याला ठाऊक नाहीत आणि त्यांची गरजही पडली नाही. फ्रिट्झ लांगच्या पोस्टरवरील हातानेही हेच केले होते. ज्या विद्यार्थ्याचा वर उल्लेख केला, तो याच गटात होता. चपलांची कल्पना मात्र गटातल्या कोणाची, हे त्यांनी आम्हाला सांगितलेले नाही.

९. पोस्टर वाचण्याची रीत

कोणतेही पोस्टर समोर आले, की पुढील प्रश्न या क्रमाने विचारावेत.

(१) पहिल्यांदा नजर कोठे गेली? तेथे काय ठेवले आहे?
(२) मला जे दिसते ते चित्रातील पात्राला दिसते का?
(३) रंग कोणते? या रंगांचा हा अर्थ मला कोणी शिकवला?
(४) नावात क्रियापद, सर्वनाम किंवा प्रश्न आहे का? अक्षरे स्थिर आहेत की बिघडलेली?
(५) प्रकाश कोणत्या बाजूने आला आहे?
(६) पात्राबद्दल मला जे वाटले ते त्याच्या कृतीवरून वाटले की रूपावरून?
(७) काय दाखवलेले नाही?

सहावा प्रश्न आम्ही वर्गातील प्रयोगानंतर यादीत घातला. आधीच्या यादीत तो नव्हता.

स्वाध्याय

१. घरी अंधाऱ्या खोलीत आरशासमोर बसा. मोठ्यांच्या मदतीने टॉर्चचा प्रकाश आधी समोरून, मग एका बाजूने, मग हनुवटीखालून पाडा. चेहऱ्यावरचे भाव बदलू नका. प्रत्येक वेळी तुम्ही कसे दिसलात ते दोन वाक्यांत लिहा.

२. पुढील नावांतील व्याकरणाची विशेषे सांगून त्यांवरून चित्रपटाचा प्रकार ओळखा : 'वह कौन थी', 'पाठलाग', 'मेरा साया'.

३. आजी-आजोबांना त्यांच्या आठवणीतले एक पोस्टर विचारा. ते कोठे लागले होते, त्यात काय होते आणि ते पाहून त्यांना काय वाटले, हे त्यांच्याच शब्दांत दहा ओळींत लिहून आणा. त्यांच्या बोलण्यात हिंदी शब्द आले तर तसेच ठेवा.

४. एखाद्या थरारपटाचे तुमच्या आवडीचे पोस्टर निवडून वरील सात प्रश्नांची उत्तरे लिहा.

५. 'शेवटचा डबा' या चित्रपटाचे तुमचे पोस्टर काढा. अट वर दिलेलीच आहे.

उत्तरे आणि चित्रे महिन्याच्या शेवटच्या शनिवारपर्यंत मराठीच्या सरांकडे किंवा चित्रकलेच्या बाईंकडे द्यावीत. आलेली सर्व पोस्टरे ग्रंथालयाबाहेरील फलकावर लावली जातील. क्रमांक काढले जाणार नाहीत. पालकसभेच्या दिवशी पालकांनी ती अवश्य पाहावीत आणि प्रत्येक पोस्टरपुढे थांबून सहावा प्रश्न स्वतःला विचारावा, अशी विनंती आहे.